अरविंद गुप्ता टॉइज: प्राथमिकच्या शिक्षकांनी वापरावीच अशी वेबसाइट
तिसरीचा वर्ग आहे माझ्याकडे, प्रयोगासाठी वेगळे पैसे वगैरे काही नसतात, त्यामुळे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवणारी ही साइट म्हणजे खरंच मोठा आधार. सगळं फुकट, व्हिडिओ मराठीतही आहेत, लॉगिनची भानगड नाही. ही साइट उभी करणाऱ्या अरविंद गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती अगदी योग्यच.

काड्यापेटीच्या काड्या (गुल आधी खरवडून घ्या) आणि कोपरे जोडायला सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे (बारीक रबरी नळीचे) तुकडे, एवढ्यावर पोरं त्रिकोण चौकोन बनवतात, चौकोन दाबला की लगेच तिरका होतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही, मग पोरं आपणहून चौकोनात तिरपी काडी घालायला जातात आणि ती लांबीला पुरतच नाही, तिथून जे प्रश्न सुरू होतात ना, तासच पुरत नाही.

स्ट्रॉची पिपाणी पण भारी, वाजवता वाजवता कात्रीने कापत गेलं की आवाज बारीक होत जातो. फक्त प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ पासून बंदी आहे आणि कागदाचा लाळेने मऊ पडतो, तेवढी अडचण.

साइट दिसायला जुनाट आहे, हवं ते शोधायला वेळ लागतो. पहिली दुसरीला कागदाच्या टोप्यांपासून सुरुवात करा.