शाळेतील शारीरिक शिक्षणाची खासगी सेवा: एका पालकाचा अभिप्राय

आमच्या मुलीच्या शाळेने शारीरिक शिक्षणाच्या तासिका एका खासगी संस्थेकडे सोपवल्या आहेत. प्रशिक्षक, साहित्य, वर्षभराचे नियोजन आणि पालकांसाठी अॅप असे सगळे तीच संस्था पुरवते. या सेवेचे मैदानावरचे काम चोख आहे. मोजमापाची बाजू मात्र लंगडी आहे.

मैदानावर कोणतेही मूल फार वेळ नुसते उभे राहत नाही, ही सर्वांत मोठी जमेची बाजू. पूर्वी एका चेंडूमागे अख्खा वर्ग असे आणि पाळीची वाट पाहण्यातच तास सरे. आता चार-चार जणांचे संघ पाडले जातात आणि बाद झालेल्याला बाहेर बसवण्याऐवजी एक गुण वजा करून लगेच पुन्हा खेळात घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचालीची गरज असते. शाळेच्या मोजक्या तासिकांतून ती भागणार नाही हे उघड असल्याने, मिळालेल्या तासात मूल प्रत्यक्ष किती वेळ धावते, याला फार महत्त्व आहे.

नेमके हेच भान चाचणीच्या दिवशी सुटते. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये ध्वनिमुद्रित इशाऱ्यांच्या तालावर धावायचे आणि इशाऱ्यांमधला वेळ कमी होत जाईल तसा वेग वाढवत जायचा, अशी ही शटल रन चाचणी असते. ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज, तोच पहिल्या काही फेऱ्यांत बाहेर पडतो आणि उरलेला वेळ कट्ट्यावर बसून इतरांचे धावणे पाहतो. त्यात भर म्हणजे अॅपवर वर्गातला क्रमांकही झळकतो. मागच्या चाचणीपेक्षा किती फेऱ्या वाढल्या एवढेच दाखवले असते, तर मागे राहणाऱ्या मुलांचा हुरूप टिकला असता.

‘खेळा आणि गुण वाढवा’ हा माहितीपत्रकातला दावाही जरा सैल आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २०१० साली घेतलेल्या आढाव्यात शालेय शारीरिक हालचाल आणि शैक्षणिक कामगिरी यांचा सुमारे निम्म्या ठिकाणी अनुकूल संबंध दिसला, उरलेल्या बहुतेक ठिकाणी ठोस संबंध आढळला नाही आणि प्रतिकूल संबंध अगदी क्वचित दिसला. म्हणजे खेळाने गुण हमखास वाढतात असे नाही, पण खेळाचा तास दिल्याने अभ्यास बुडतो, ही भीतीही निराधार ठरते.

तरीही परीक्षा जवळ आली की आमच्याकडे पहिली कुऱ्हाड याच तासिकेवर पडते. याचा दोष संस्थेपेक्षा शाळेचा अधिक. मात्र रद्द झालेल्या तासिका भरून देण्याची तरतूद करारात नाही आणि शुल्क पूर्ण वर्षाचे घेतले जाते. नूतनीकरणाआधी पालकसभेने ही तरतूद लेखी करून घ्यावी आणि अॅपवरचे क्रमांकही काढायला लावावेत.