पैसे सहा ब्रास मातीचे, आली एक ब्रास

अंबाजोगाईतला आमचा जुना वाडा दुरुस्त केला. माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर, उतरवून स्लॅब टाकला, दगडी भिंती तशाच ठेवल्या. मागच्या परसात सहाशे चौरस फुटांची बाग करायचं ठरलं. बागेचं काम घेणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवलं: माळवदाचा मलबा उचलून नेणे, फूटभर लाल माती सहा ब्रास, शेणखत, कार्पेट लॉन, केशर आंब्याची कलमं. निम्मे पैसे आधी, बाकीचे लॉन अंथरल्यावर. "दादा, टेन्शनच घेऊ नका. वहिनींना दिवाळीला हिरवंगार परस देतो."

दिवाळीला परस हिरवंगार होतं, खोटं कशाला बोलू. राहिलेले पैसे घेऊन गडी गेला.

पुढे लॉनवर पिवळे चट्टे पडायला लागले. पाणी दिलं की जिरायचंच नाही, डबकं साचून राहायचं. फोन केला तर आधी म्हणाला पाणी जास्त होतंय, मग म्हणाला कमी पडतंय, आणि मग फोन लागायचाच बंद झाला.

शेवटी ओळखीच्या माळ्याला बोलावून एका कोपऱ्यात खोदायला लावलं. वर दोन इंच लाल माती, आणि खाली टिकाव खणकन वाजला. विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, किलचनाच्या, म्हणजे छताच्या तुळयांवर टाकलेल्या, कुजक्या फळ्या आणि त्यावर दाबून बसवलेली पांढरी माती. माळी म्हणाला, "दादा, हे तर तुमच्याच माळवदाचं हाय की!"

म्हणजे मलबा उचलायचे पैसे घेतले आणि तो तिथेच पुरला. वरून मातीचे पैसे वेगळे. पांढरी माती माळवदावर घालतात तीच मुळी पाणी खाली झिरपू नये म्हणून. आमच्या आज्याच्या डोक्यावर जिने पाऊस येऊ दिला नाही, ती आता लॉनच्या मुळांखाली अंथरली होती. पाणी जाणार कुठं? उतारही घराकडेच काढलेला. परसाकडच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली, लोणा (पांढरा खार) लागला आणि नव्या गिलाव्याचे पोपडे पडू लागले. लॉन पुन्हा लावता येईल, त्या भिंतीचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

मातीचा हिशेब सोपा आहे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सहाशे चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे सहा ब्रास, दोन इंच म्हणजे एकच. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यातही लाल मातीची एकच ट्रॉली आत येताना दिसते.

आंब्याचंही तेच. मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन आहे, त्या नावावर हल्ली काहीही खपतं. आमच्या 'कलमां'ची पट्टी माळ्याने सोडली तर आत ना जोड, ना काप. कोयीपासून उगवलेल्या रोपाला नुसती प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. खऱ्या कलमाला जोडाच्या जागी गाठ दिसते, खालची-वरची साल वेगळी कळते. पट्टी सोडून दाखवायला जो कां कूं करतो, त्याच्याकडून रोप घेऊ नका.

ज्यांच्याकडे असं काम निघालंय त्यांनी मलबा गेल्यावर रिकाम्या जागेचा फोटो काढून ठेवा. माती ट्रॉली मोजून घ्या. लॉन अंथरण्याआधी चार ठिकाणी पहार मारून खोली बघा, बादलीभर पाणी ओतून ते भिंतीकडे पळतं की भिंतीपासून दूर, तेही बघा. राहिलेला निम्मा हप्ता त्यानंतरच द्या. लॉन आलं की खालचं काही दिसत नाही, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

आम्ही बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय. 2019 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं. पण व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन, ऑनलाइन दिलेले हप्ते, कॅमेऱ्याचं चित्रण आणि खोदलेल्या कोपऱ्याचे फुटपट्टी लावून काढलेले फोटो जोडतोय. तो खड्डा अजून बुजवलेला नाही.