सवाईचं तिकीट: खुर्ची की भारतीय बैठक?

पुण्यातल्या ‘सवाई’ला, म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीत महोत्सवाला, जमिनीवरची बैठकच घ्या. मुकुंदनगरच्या मैदानात डिसेंबरची थंडी जमिनीतून वर येते, त्यामुळे शाल हवी तशी जाड सतरंजीही हवी. ध्वनिक्षेपकासमोर बसलात तर तबला तानपुऱ्यावर चढतो. मधल्या पट्ट्यात, जरा मागे सरकून बसा. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, तिथे स्वच्छ ऐकू येते, आणि त्यासाठीच तर यायचं! गुडघे दुखत असतील तर मात्र खुर्चीच बरी.

मुक्काम मित्रांकडे असेल तर स्वारगेटजवळचं घर सोयीचं. कोथरूडला परतायचं असेल तर उशिरा रिक्षा मिळेलच असं नाही. घराची जादा किल्ली आधीच मागून घ्या, यजमानांना जागवू नका. शेवटच्या दिवशी लवकर उठून जाऊ नका: सांगतेला, ज्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव भरतो त्या खुद्द गायक सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणातली भैरवी ऐकवतात.