ताण मोजावा प्रश्नावलीने की रजेच्या नोंदींवरून?

अंधेरीतील एका कार्यालयात मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या परिचित बाईंना आजारपणाच्या रजा वाढल्याची चिंता असून, कर्मचाऱ्यांना ताणाची प्रश्नावली द्यावी की रजेच्या नोंदीच तपासाव्यात, अशा पेचात त्या आहेत.

खर्च आणि श्रम दोन्ही मार्गांत बेताचेच. प्रश्नावलीचेच पाहा: मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेल्या ताणमापन श्रेणीच्या दहा प्रश्नी आवृत्तीत गेल्या महिन्याविषयी विचारतात आणि ० ते ४० गुण देतात.

खरा फरक विश्वासार्हतेत आहे. नाव लिहायला लावले, की बढतीच्या धास्तीने माणसे ‘सारे ठीक’ लिहितात. निनावी ठेवले, तर मदत कोणाला हवी हे कळत नाही. रजेची नोंद लपत नाही, पण कारणही सांगत नाही: ताण असो वा पावसाळ्यातला डेंग्यू, खूण तीच. त्यातही रजांना गुण देणाऱ्या ब्रॅडफर्ड सूत्रात रजेच्या खेपांचा वर्ग एकूण दिवसांनी गुणत असल्यामुळे सलग दहा दिवसांच्या एका रजेला १०, तर एकेक दिवसाच्या दहा रजांना १००० गुण पडतात, आणि अर्धशिशीचा रुग्ण नाहक कामचुकार ठरतो. अंगात ताप घेऊन विरारची लोकल पकडणारा तर या हिशेबात दिसतच नाही.

कोणत्या विभागात कामाचा बोजा असह्य झाला हे शोधायचे असेल, तर निनावी प्रश्नावली घ्यावी. मनुष्यबळाचे नियोजन करायचे असेल, तर नोंदी पुरतात. एकेकाला मदत द्यायची असल्यास मात्र दोन्ही बाजूला ठेवून समुपदेशक नेमावा, किमान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर लावावा.