मासा कशाने धरला, हे पाटीवर लिहिणारे दुकान

कोल्हापुरात मटणाची पारख घरोघरी आहे. मासळी घेताना मात्र कल्ले लाल आणि डोळे चकचकीत दिसले की आपण पिशवी पुढे करतो. राजारामपुरीतील ज्या लहानशा दुकानातून मी गेले आठ महिने मासळी घेते आहे, तेथे आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे मासा कशाने धरला. गल्ल्यामागे टांगलेल्या पाटीवर मालक रोज सकाळी खडूने माशाचे नाव, बंदर आणि त्यापुढे ‘गळ’, ‘रापण’ किंवा ‘ट्रॉल’ असे लिहितात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढायचे. मी खात्री करून घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी सुरमईचा जबडा उघडून कोपऱ्यातील छिद्र दाखवले आणि म्हणाले, “ताई, गळाच्या माशाला जखम तोंडात असते, जाळ्यातल्याचे अंग घासलेले असते.”

मला ही माहिती हवी असते ती समुद्री कासवांसाठी. कासवाला श्वास घ्यायला पाण्याबाहेर डोके काढावे लागते, त्यामुळे जाळ्यात अडकून वर येता आले नाही, की ते बुडून मरते. भर समुद्रात कुप्यासाठी, म्हणजे टूनासाठी, कित्येक किलोमीटर लांबीच्या दोराला शेकडो, कधी हजारो गळ लावतात, तेथेही ते सापडते. आपल्या कोकणात अंडी घालणारी कासवे या धोक्यापासून दूर नाहीत. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ ही ऑलिव्ह रिडले मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती.

म्हणजे पाटीवर नुसते ‘गळ’ लिहिल्याने प्रश्न सुटत नाही, आणि हे मालकांना ठाऊक आहे. त्यांच्या गल्ल्यात दोन गळ ठेवलेले असतात. नेहमीच्या गळाचे टोक सरळ वर असते आणि आमिषासह गिळल्यास ते कासवाच्या घशात रुतते. सर्कल हुकचे टोक आत वळलेले असते. मी ते बोटावर ओढून पाहिले, तर सहज टोचत नाही. तो बहुधा जबड्याच्या कडेला अडकतो, आणि मोठ्या आकाराचा असेल तर गिळणेही कठीण जाते. आमिषानेही फरक पडतो: माकूल, म्हणजे स्क्विड, चिवट असल्याने कासव ते गळासकट गिळते, मासा असेल तर लचके तोडत खाते. हवाईच्या तलवारमाशांच्या मासेमारीत २००४ पासून मोठे सर्कल हुक आणि माकुळाऐवजी माशाचे आमिष सक्तीचे झाले, तेव्हा लॉगरहेड आणि लेदरबॅक कासवे सापडण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. इतका साधा बदल, आणि एवढा परिणाम!

दुकानातील मासळी उत्तम असते. कुपा घट्ट आणि गडद लाल मिळतो, तुकड्या सारख्या जाडीच्या करून देतात आणि बर्फाचे वजन मासळीत धरत नाहीत. भाव किलोमागे थोडा जास्त पडतो. मला तो रास्त वाटतो.

दोन तक्रारी मात्र आहेत. येथे मिळणाऱ्या डबाबंद टूनावर ‘डॉल्फिन सेफ’ एवढेच छापलेले आहे. त्या खुणेचा उगम पॅसिफिकमध्ये डॉल्फिनच्या कळपांभोवती जाळे टाकून टूना धरण्याविरुद्धच्या मोहिमेत आहे. गळाला लागलेल्या कासवाबद्दल ती काहीच सांगत नाही. असा डबा या दुकानाने ठेवू नये, असे मी मालकांना सांगितले आहे.

दुसरी तक्रार कोळंबीची. तिच्यापुढे ‘ट्रॉल’ असते, पण त्या जाळ्यात टेड होते की नव्हते, ते कळत नाही. टेड म्हणजे जाळ्याच्या गळ्यात बसवलेली तिरपी जाळी. कोळंबी तिच्या गजांमधून मागे जाते आणि कासव त्यांवर आदळून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. मी विचारल्यावर मालकांनी बंदरावर फोन लावला, पण खात्रीचे उत्तर मिळाले नाही. त्या दिवसापासून पाटीवर कोळंबीपुढे टेडसाठी त्यांनी एक रकाना आखला आहे, आणि उत्तर येईपर्यंत तो कोरा ठेवला आहे.