काळी चार आणि १२७ : वर्कस्टेशनच्या सिक्वेन्सरचा दिवाळी ते श्रावण अनुभव

सर्व्हिस सेंटरवाल्याशी वाजलं नसतं तर हे लिहायला बसलोच नसतो. वर्कस्टेशन म्हणजे सिक्वेन्सर (वाजवलेले सूर नोंदवून पुन्हा वाजवणारी सोय) आतच असलेला कीबोर्ड. माझ्याकडच्याला ६१ पट्ट्या, १६ ट्रॅक (एकेका वाद्याचा वेगळा थर), आत ढीगभर आवाज. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. खालचं बरंचसं कुठल्याही वर्कस्टेशनला लागू पडेल.

दिवाळीनंतर सेकंड हँड घेतला. काम ठरलेलं होतं: आमच्याकडच्या गायकांना ट्रॅक करून द्यायचे. भजनं, भावगीतं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली गाणी. लॅपटॉप, त्यावर साउंड कार्ड, त्यावर सॉफ्टवेअर, वर दर दोन वर्षांनी अपडेटचं झेंगट, हा खर्च मला परवडणारा नव्हता आणि परवडला असता तरी जिवावर आला असता.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काउंट मिळतो, वाजवायचं, थांबायचं. ठेका लूपवर टाकून एका फेरीत किक (ड्रमसेटचा मोठा ढोल), दुसरीत हाय-हॅट (झांजांची जोडी), तिसरीत टाळ असं भरत जाता येतं. एकदा हात बसला की गाण्याचा सांगाडा संध्याकाळभरात उभा राहतो.

सुरुवातीला माझं मत असं होतं की इव्हेंट एडिट हा पडदा कंपनीने उगाच दिलाय. सातबाऱ्यासारखी लांबलचक यादी: बार (आवर्तन), मात्रा, टिक (मात्रेचा बारीक तुकडा), सूर, किती जोरात वाजवला, किती वेळ धरला. एका ओळीत एक सूर. चिमुकला पडदा, गोल चाक फिरवत खाली जायचं. गाणं कानाने दुरुस्त करायचं की तलाठ्यासारखं वाचत बसायचं? कित्येक महिने तिकडे फिरकलो नाही.

आषाढात एका अभंगाचा ट्रॅक करताना पियानोत एक सूर मध्येच डोकं वर काढायला लागला. हळू वाजवलं तरी तोच. टचची सेटिंग हलकी करून पाहिली, भारी करून पाहिली, फरक शून्य. शेवटी वैतागून ती यादी उघडली. जोराच्या रकान्यात बाकी सगळे सूर ६० ते ८५ मध्ये. काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) मात्र प्रत्येक वेळी १२७. म्हणजे यंत्राच्या लेखी कमाल जोर. गाण्यात जिथे जिथे काळी चार, तिथे तिथे १२७.

कारण सोपं आहे. प्रत्येक पट्टीखाली रबरात दोन संपर्क असतात. पट्टी दाबली की आधी एक जुळतो, मग दुसरा, आणि या दोहोंतल्या वेळावरून जोर ठरतो. वेळ कमी तर जोर जास्त. पहिल्या संपर्कावर धूळ बसली की तो उशिरा लागतो, अंतर जवळपास उरतच नाही, आणि यंत्राला वाटतं आपण दणका दिला.

पट्टीपट्टीचा असा पुरावा हातात घेऊन पुण्यात सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या पोराने आधी फॅक्टरी रीसेट मारला (माझे जुळवलेले आवाज गेले, ते मेमरी कार्डवर होते म्हणून वाचलो) आणि म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरचा इश्यू आहे, मेन बोर्ड टाकावा लागेल." सांगितलेला आकडा मी दिलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. मी तिथेच काउंटरवर सगळ्या पट्ट्या एकेकदा वाजवून रेकॉर्ड केल्या आणि यादी उघडून दाखवली. ६१ ओळींत एकच १२७. बोर्ड खराब असता तर फक्त एका काळीवरच रुसला असता का? तो पडद्याकडे बघत म्हणाला, "हे काय असतं?" पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

गावात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी कीबोर्ड उघडला, रबराची पट्टी उचलली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापूसकाडी वापरून दोन्ही बाजू पुसल्या. जोडून पुन्हा वाजवलं: ५८, ७१, ६४. पैसे चहापाण्यापुरते घेतले, तेही आग्रह केला म्हणून.

आधी रेकॉर्ड झालेली गाणी तरीही दुरुस्त करायची होतीच. जोर कमी करायच्या आज्ञेत सुरांची हद्द देता येते; दोन्ही टोकांना काळी चार ठेवून ५० वजा केले. सगळे ७७ झाले. वाईट नाही, पण एकसारखे, मशीनसारखे. मग यादीतून एकेक खालीवर केले. ज्या पडद्याला नावं ठेवली त्यावर आता दिवसाचा अर्धा वेळ जातो. बाकी काही गेलं तरी चालेल, हा राहू दे.

उदाहरणार्थ क्वांटाइझ, म्हणजे मागेपुढे पडलेले सूर मात्रेच्या नेमक्या जागी ओढून बसवणं. आमच्या ढोलकीवाल्याला पट्ट्यांवर बोटांनी केरवा वाजवायला लावला. माझ्या यंत्रात एका मात्रेचे ४८० टिक. टेम्पो १०० ला (मिनिटाला १०० मात्रा) एक टिक म्हणजे सव्वा मिलिसेकंद. त्याची काही बोटं नेमाने पंचवीसेक टिक मागे, म्हणजे तीसेक मिलिसेकंद. क्वांटाइझ मारलं की ठेका सरळ आणि मेलेला. आता बेसच तेवढा सरळ करतो, ढोलकीला हात लावत नाही. ऐकताना 'काहीतरी बसत नाहीये' एवढंच कळतं. किती आणि कुठे ते यादी सांगते.

सिक्वेन्सरचा खरा फायदा मात्र मैफलीच्या दिवशी. "दादा, घसा बसलाय, काळी दोनऐवजी काळी एकवर घ्या." सूर दोन पायऱ्या उतरवले, आवाज जराही बिघडत नाही. फक्त ड्रमचा ट्रॅक निवडीतून काढायचा, कारण तिथे प्रत्येक सुराच्या क्रमांकावर वेगळं वाद्य असतं. एकदा घाईत सगळे ट्रॅक उतरले आणि ४२ वरचा बंद हाय-हॅट ४० वर जाऊन स्नेअर (कडकडणारा लहान ड्रम) झाला, ३८ चा स्नेअर ३६ वर जाऊन किक. भक्तिगीताला लष्करी संचलनाची साथ. गायक थांबला नाही, हे त्याचं मोठेपण.

राग एकाच गोष्टीचा आहे. वीज गेली की न साठवलेलं गाणं गेलं. १९८८ च्या कॉर्ग एम-वन या वर्कस्टेशनला आठच ट्रॅक, पण आतल्या बॅटरीवर गाणं टिकायचं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि इन्व्हर्टरवर जाताना कीबोर्ड डोळा मारतोच. आता दर ट्रॅकनंतर कार्डवर. यंत्राच्या स्वतःच्या स्वरूपात आणि मिडी फाइल (इतर यंत्रांनाही वाचता येणारी सुरांची नोंद) म्हणूनही, कारण मिडी फाइलीत सूर येतात, माझे जुळवलेले आवाज येत नाहीत.

एवढं असूनही विकणार नाही. दोघांनी विचारून झालंय.

एक अडलेलं आहे. पंच-इनच्या (गाण्याचा मधलाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करण्याच्या) शेवटी सूर धरून ठेवणारं पेडल दाबलेलं राहिलं की कंट्रोलर ६४ ची (त्या पेडलच्या मिडी क्रमांकाची) 'सोडलं' ही नोंद गळते आणि पुढचे सगळे सूर एकमेकांत चिकटतात. मी यादीत जाऊन ६४ समोर हाताने ० टाकतो. हे आपोआप टाळायची सेटिंग कुणाला सापडली असेल तर सांगा. "पाय वेळेवर उचल" हे बायकोने आधीच सांगितलंय.