जीओटीएसचा शिक्का: टी-शर्टच्या चिठ्ठीवरचा नंबर किती बोलतो?

टी-शर्टवर हिरव्या गोलात पांढरा सदरा दिसला, की तो जीओटीएसचा, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्डचा शिक्का. नुसत्या चित्राला मात्र किंमत नाही. सोबत दर्जा, तपासणाऱ्या संस्थेचा उल्लेख आणि परवाना क्रमांक हवा. हे नसेल तर साध्या सुती कपड्याच्या वर एक रुपयाही देऊ नये.

दर्जे दोन. नुसतं 'ऑरगॅनिक' म्हटलं असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय, 'मेड विथ ऑरगॅनिक' असेल तर किमान ७०. घाईत दोन्ही सारखेच वाटतात, तेव्हा आकडा बघा.

क्रमांक जीओटीएसच्या संकेतस्थळावरच्या खुल्या यादीत शोधता येतो, पैसे लागत नाहीत. कंपनीचं नाव, गाव, काम आणि मालाचे प्रकार दिसतात. नाव ब्रँडचं नसून तिरुपूरच्या एखाद्या शिवणकारखान्याचं निघालं तर लगेच बिचकू नका, असं चालतं. पण परवाना टॉवेलचा आणि हातात जीन्स असेल तर विचारायलाच हवं.

या सोयीची मर्यादा अशी, की साखळीतली एकच कडी दिसते. शेत, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं), सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिवण या वाटेवर माल हात बदलतो तेव्हा वजनासकट व्यवहार प्रमाणपत्र निघतं. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. २०२० मध्ये भारतातल्या सेंद्रिय कापसाची बनावट प्रमाणपत्रं सापडली. त्यांवरचे क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेत होते. माल २०,००० टन; १७० किलोच्या गाठी धरल्या तर १ लाख १७ हजारांवर.

कच्चा दुवा जिनिंगचा आहे. शेताची तपासणी वेगळ्या, एनपीओपीच्या, म्हणजे सेंद्रिय शेतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या नियमांनी होते. जीओटीएस जिनिंगपासून सुरू होतं. विदर्भातल्या जिनिंगच्या आवारात जनुकबदल केलेल्या बीटी कापसाचे ढीग घरांएवढे असतात, सेंद्रियचा त्यामानाने मूठभर. रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रं, नीट झाडले नाहीत किंवा ढीग शेजारी टाकले, की सरमिसळ झालीच, आणि रुई डोळ्यांनी ओळखू येत नाही. सरकी किंवा रुईत जनुकबदल तपासता येतो. सूत रंगून कापड झालं की डीएनए तुटलेला असतो, चाचणीचा भरवसा राहत नाही. म्हणजे तुमच्या हातातला सदरा प्रयोगशाळेत नेऊनही उपयोग नाही.

रंगाईच्या बाबतीत मात्र हा शिक्का खरा दणकट. क्लोरीनने ब्लीच करायचं नाही, कर्करोगकारक अमाइन सोडणारे अ‍ॅझो रंग वापरायचे नाहीत, सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडायचं. कामगारांविषयीच्या अटीही आहेत. ओसीएस, म्हणजे ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड, या दुसऱ्या शिक्क्यात यातलं काही येत नाही, तो फक्त धाग्यातला सेंद्रिय वाटा मोजतो. दुकानात दोन्ही एकाच रांगेत टांगलेले असतात.

'जीओटीएस कापडापासून बनवलेला' अशी पाटी लटकवलेली दिसली तर ती नियमबाह्य आहे. कापड प्रमाणित असेलही, पण तयार कपडा प्रमाणित नसेल तर त्यावर हे नाव वापरता येत नाही.

मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण लपलेल्या कागदांपायी गेला. ब्रँडला मेल करायचाच तर 'तुमचा कापूस सेंद्रिय आहे का' असं विचारू नका, हो म्हणतील. या लॉटचं जिनिंग कुठं झालं आणि व्यवहार प्रमाणपत्राचा क्रमांक काय, एवढंच विचारा.